स्टेशनच्या पाटीवरील अक्षर

मुळशी हें तीन अक्षरांचें नांव पाटीवर लिहावयाचें झालें, तर लिहिणाराचा हात प्रत्येक अक्षराशीं अडतो. म च्या पायाशीं उकार व श च्या माथ्यावर वेलांटी असल्यामुळें वर आणि खालीं, दोन्हींकडे जागा सोडावी लागते. त्यांत ळ हें अक्षर हिंदीच्या नेहमींच्या लेखनांत येत नाहीं. आणि श चें हिंदी वळण मराठीहून निराळें. मुंबई-पुणें लोहमार्ग या तालुक्यास बाजूस ठेवून गेला, म्हणून ही अडचण रेल्वेस कधीं सोडवावी लागली नाहीं. परंतु १८ डिसेंबर २०१८ रोजीं हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोमार्गाची पायाभरणी झाली. त्यावर २३ स्टेशनें आंखलेलीं असून आरंभींचीं कांहीं माण व हिंजवडी येथें, म्हणजे मुळशी तालुक्यांतच, पडतात. तेव्हां पाटीचें अक्षर कसें निवडावें, हा प्रश्न आतां मुळशीचाहि झाला.

बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली. (योगायोग असा कीं, धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला तो दिवसहि १६ एप्रिल, सन १९२१. धरण झालें, पाणी वीज होऊन मुंबईस गेलें, आणि कित्येक गांवांचीं नांवें केवळ कागदावर उरलीं.) आगगाडी आली तेव्हां मराठी छपाईचें अक्षर अद्याप घडत होतें. गणपत कृष्णाजींनीं १८३१ मध्यें पंचांग काढलें तें शिळाछापावर. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यानें खिळ्यांस वळण दिलें. त्याच छापखान्यांत काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६४ मध्यें टाइप ओतण्याचा कारखाना व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेलें अक्षर इतकें डौलदार होतें कीं, संस्कृत ग्रंथ छापावे तर निर्णयसागरानेंच, अशी त्याची ख्याति झाली.

पण हें अक्षर बोरूच्या वळणाचें आहे. कोठें जाड, कोठें केसासारखें बारीक. तें हातभर अंतरावर पुस्तक धरून वाचावयाचें. गाडीच्या खिडकींतून पाहतांना बारीक रेघ प्रथम नाहींशी होते आणि ळ चे दोन डोळे भरून येतात. घ आणि ध यांतील भेद तर शिरोरेषेच्या एका फटीवर अवलंबून आहे. ती बुजली कीं ध चा घ होतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेपुढें असाच प्रश्न होता. फ्रँक पिक या अधिकाऱ्यानें १९१३ मध्यें एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकारास मुद्दाम नवें अक्षर करावयास सांगितलें; तें १९१६ मध्यें वापरांत आलें. रेघ सर्वत्र बहुतेक एकाच जाडीची, पोटें मोकळीं. पुस्तकाचें अक्षर नुसतें मोठें केल्यानें तें पाटीचें होत नाहीं, हें त्या मंडळींनीं ओळखलें. जॉन्स्टनच्या प्रभावाखालीं एरिक गिलनें १९२८ मध्यें केलेलें अक्षर पुढें एका मोठ्या इंग्रज रेल्वे कंपनीनें आपल्या सर्व पाट्यांसाठीं घेतलें.

देवनागरीस ही युक्ति जशीच्या तशी चालत नाहीं. इंग्रजी मोठीं अक्षरें ओळीची सगळी उंची व्यापतात. आपल्या अक्षरास मात्र माथ्यावर वेलांटीचें छप्पर व खालीं उकाराचें तळघर राखावें लागतें, आणि मधला मजला ठेंगणा राहतो. म्हणून पिंवळ्या पाटीवर तिन्ही ओळींस सारखीच उंची दिली, तर इंग्रजी नांव लांबून वाचतां येतें आणि मराठी नाहीं. हा दोष लिपीचा नव्हे, मोजमापाचा आहे. उंची शिरोरेषेपासून मोजली कीं तो दूर होतो.

पूर्वीं पाटी पेंटर रंगवीत असे आणि त्याच्या हाताचें वळण आपोआप त्या प्रांताचें असे. आतां अक्षर संगणकांतून निघतें. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी वर्णमाला प्रमाणित केली. त्यांत पाकळीचा ल व देठाचा श हेंच वळण मराठीचें धरलें आहे. गंमत अशी कीं, पुष्कळ चांगल्या अक्षरसंचांत दोन्ही वळणें तयार असतात; मजकूर मराठी आहे एवढें यंत्रास सांगावें लागतें. तें सांगावयाचें राहिलें तर यंत्र हिंदी वळण उमटवितें, आणि महाराष्ट्रांतील पाटीवर मराठी व हिंदी ओळी एकाच ठशाच्या होतात. दोष पाटी कापणाऱ्या कारागिरास देणें व्यर्थ आहे. मागणीपत्रांतच तो शब्द हवा.

नमुना पाहण्यासाठीं फार खर्चहि नको. लोणावळा, मळवली, घोरपडी आणि मुळशी हीं चार नांवें ठरलेल्या मापानें फळीवर लिहून तीं फलाटाच्या एका टोकास उभीं करावीं आणि दुसऱ्या टोकाहून, शक्य तर दिवेलागणीस, एखाद्या चष्मेवाल्या गृहस्थाकडून वाचून घ्यावीं.