धायटीचे फूल आणि अरिष्टाचे किण्वन

दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट आणि कुटजारिष्ट यांची मुख्य द्रव्ये वेगळी, वापरही वेगळा. तरी तिन्ही पाठांत धायटीची फुले आहेतच. धायटी स्वतः तुरट व ग्राही असून अतिसारात आणि रक्तस्रावात दिली जाते. पण एवढ्या निरनिराळ्या पाठांत ती येते, याचे कारण या गुणांत शोधून भागत नाही. ते अरिष्ट, म्हणजे आंबवलेला काढा, तयार कसे होते यात आहे.

धायटी, म्हणजे वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, हे मेंदी आणि ताम्हण यांच्या कुळातले झुडूप. सह्याद्रीच्या उतारांवर, पानगळीच्या रानात हिवाळा सरताना ते लालभडक होते. हा लाल रंग पाकळ्यांचा नव्हे. पाकळ्या सहा, पण अगदी नगण्य. दिसतो तो सेंटिमीटरभर लांबीचा नळीसारखा संवर्त. त्याच्यातून पुंकेसर बाहेर डोकावतात आणि तळाशी मध साठतो. शिंजीर पक्षी त्यासाठीच येतात, आणि साखरेवर जगणारे यीस्टही अशाच जागी वस्तीला असते. फळ धरल्यावरही संवर्त गळत नाही, त्यामुळे बाजारातल्या ‘फुलांत’ कधीकधी बोंडेच अधिक सापडतात. असा माल कामाचा नाही.

काढा उकळून, गाळून, गार झाल्यावरच त्यात गूळ आणि धायटी घालायची, ही रीत नुसती सोवळ्याची नव्हे. उकळत्या काढ्यात फुलांतले यीस्ट मरेल. पुढे तोंड बांधलेल्या भांड्यात यीस्ट साखरेचा मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड करते. पेटती काडी भांड्याच्या तोंडाशी विझली किंवा आतला वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यावर ती दुधाळ झाली, की किण्वन चालू आहे असे समजावे. काडी विझेनाशी झाली की ते थांबले. थंडीत याला जास्त दिवस लागतात.

मात्र ‘फूल म्हणजे विरजण’ एवढ्यावर थांबणे चूक ठरेल. निंबारिष्टावर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुलांतल्या इन्व्हर्टेज या विकराकडे लक्ष वेधले गेले. हे विकर साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. म्हणजे फूल यीस्टसाठी पानही वाढून ठेवते. शिवाय फुलांत टॅनिन भरपूर. मद्यार्क वाढत जातो तसे ते द्रवात उतरते आणि औषधाला तुरट चव देते.

मग विकतचे यीस्ट घालून धायटी वगळली तर? मद्यार्क मिळेल, बाटलीवर ‘स्वयंनिर्मित मद्यार्क’ छापण्यापुरता तो पुरेसाही होईल. पण फुलाचे टॅनिन त्यात नसेल, आणि अशा द्रवाला मूळ पाठाचे नाव देणे माझ्या मते योग्य नाही. फुले घालायची, पण ती जुनी वा करपलेली असल्यामुळे जोडीला यीस्ट द्यायचे, हा प्रश्न वेगळा. तिथे पाठ तरी मोडत नाही.