‘नून’ शब्दाचें स्थलांतर

‘नून’ म्हणजे दुपारचे बारा, हें इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलालाहि ठाऊक असतें. पण हा शब्द उकलून पाहिला तर त्यांत बाराचा आंकडा कोठेंच सांपडत नाहीं. सांपडतो तो नऊ. लॅटिन भाषेंतील ‘नोना होरा’, म्हणजे नववा तास, हें त्याचें मूळ. आणि त्या ‘नोना’चें व आपल्या ‘नव’चें कूळ एकच.

रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा भाग करीत. दिवस लहान तर तासहि लहान; रोम शहरीं तो भर हिवाळ्यांत आपल्या पाऊण तासाएवढा, तर भर उन्हाळ्यांत सव्वा तासाएवढा असे. सहावा तास पुरा झाला म्हणजे सूर्य माथ्यावर येई, आणि नववा पुरा होतां आपले सुमारें तीन वाजत. येशूनें प्राण सोडला ती वेळ शुभवर्तमानांत हीच सांगितली आहे. जुन्या इंग्रजींतहि ‘नोन’चा अर्थ दुपारचे तीन असाच होता. मध्यान्हासाठीं ‘मिडडे’ हा अस्सल देशी शब्द त्या भाषेजवळ असतांना तिनाचा शब्द बारावर कां यावा?

याचें उत्तर बऱ्याच अंशीं मठांच्या भोजनशाळेंत आहे. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टनें आपल्या मठवासीयांना जे नियम घालून दिले, त्यांत सप्टेंबरच्या मध्यापासून ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासापर्यंत दिवसाचें एकच जेवण सांगितलें आहे, आणि तेंहि नवव्या तासाची प्रार्थना झाल्यावर. पहांटेच्या अंधारांत उठून प्रार्थनेस बसलेल्या माणसानें दुपारीं तीनपर्यंत उपाशी राहावयाचें! नियम मोडतां येत नव्हता, पण प्रार्थनेची घंटा वाजविणारा हात माणसाचाच होता. घंटा हळूहळू लौकर वाजूं लागली. प्रार्थना नवव्या तासाची ती नवव्या तासाचीच राहिली, जेवण तिच्या मागूनच राहिलें. सरकला तो फक्त नववा तास. व्रतवैकल्यांच्या घरांत वाढलेल्या आमच्या वाचकांस ही युक्ति अगदींच परकी वाटूं नये.

मोठ्या उपवासांत तर याहून मौज झाली. त्या दिवसांत जेवण सायंप्रार्थनेनंतर व्हावयाचें. तेव्हां पुढें ती सायंप्रार्थनाच मध्यान्हापूर्वीं उरकून घेण्याचा प्रघात पडला, आणि तो कित्येक शतकें चालला.

मात्र सारा दोष भुकेल्या साधूंच्या माथीं मारणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. जाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकारानें या स्थलांतराचा संबंध शहरांतील मजुरीशीं जोडला आहे. मजुराची सुटी याच घंटेवर होई. घंटा मध्यान्हाकडे सरकली तसे दिवसाचे दोन अर्धे पडले आणि अर्ध्या दिवसाच्या कामाचें माप पक्कें झालें. आमच्या मतें दोन्ही कारणें खरीं असावींत. घंटा मठाची असली तरी तिच्याकडे गांवचे कान लागलेले असतात.

चौदाव्या शतकाच्या आरंभीं दान्तेनें आपल्या ‘कोन्व्हिव्हिओ’ या ग्रंथांत ‘नोना’ची घंटा सातव्या तासाच्या प्रारंभीं, म्हणजे ऐन मध्यान्हीं, वाजावी असें स्पष्टच लिहिलें आहे. इंग्लंडांतहि त्याच शतकांत हा नवा अर्थ रुळला. त्याच सुमारास शहरोशहरीं यांत्रिक घड्याळें उभीं राहत होतीं. सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमधलें घड्याळ 1386 सालचें मानतात. घड्याळाला भूक नसल्यामुळें शब्द जेथें पोंचला होता तेथेंच खिळला. खऱ्या मध्यान्हाच्या सहाव्या तासाची, ‘सेक्स्ता’ची, गत निराळी झाली: स्पेनमध्यें त्याची ‘सिएस्ता’, म्हणजे वामकुक्षी, झाली.

आपल्याकडे नेमकी उलट गोष्ट घडली आहे. ‘दुपार’ म्हणजे दोन प्रहर. दिवसाचे दोन प्रहर झाले कीं मध्यान्ह, हा त्या शब्दाचा चोख अर्थ. पण आज आपण चार वाजतां आलेला पाहुणाहि दुपारीं आला असेंच म्हणतों. ‘तिसऱ्या प्रहरीं’ हा नेमका शब्द आतां बहुतेक जुन्या बखरी-कादंबऱ्यांत उरला आहे, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुपारनें व्यापली. इंग्रजी शब्द तिनावरून बारावर आला. मराठी शब्द बारावरून तिनाच्याहि पुढें पसरला.

इंग्लंडच्या शेजारीं वेल्समध्यें मात्र जुनी वेळ अजून शाबूत आहे. वेल्श भाषेंतील ‘प्रिन्हाउन’ हा शब्द ‘वेळ’ आणि तीच लॅटिन ‘नोना’ यांच्या जोडणींतून झाला आहे, आणि त्याचा रोजचा अर्थ तिसरा प्रहर असाच आहे.