जिन्नाचा असर की आजार? घरच्यांनी आधी काय पाहावे

घरातली व्यक्ती अचानक वेगळ्याच आवाजात बोलू लागली, डोळे फिरवून खाली पडली किंवा रिकाम्या कोपऱ्याकडे बघून कुणाशी तरी भांडू लागली, की पहिला विचार आजाराचा येत नाही. मुस्लिम घरांत 'असर झाला', 'साया आहे', 'जिन्नात लागले' असे म्हटले जाते. शेजारच्या हिंदू घरात त्यालाच 'बाहेरची बाधा' म्हणतात. यावल-रावेर-चोपड्याकडच्या तडवी वस्त्यांत मौलानांबरोबर भगतालाही विचारणारी कुटुंबे आहेत.

दीपनगरच्या वसाहतीतून महामार्गाने पूर्वेला निघाले, तर मुक्ताईनगर, मलकापूर करत बुलढाण्याकडे वळता येते आणि पुढे पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा लागतो. त्याच महामार्गाने पश्चिमेला भुसावळ ओलांडले की जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. बरीच कुटुंबे दोन्हीकडे जातात. डॉक्टर म्हणून आम्हाला काळजी वाटते ती एवढीच, की रुग्णालयात येईपर्यंत कधी सहा महिने गेलेले असतात, कधी सहा वर्षे.

श्रद्धा काय सांगते

जिन्नांचा उल्लेख कुरआनात आहे. बहात्तराव्या सूरेचे नावच 'अल-जिन्न' आहे. माणूस मातीपासून आणि जिन्न धूर नसलेल्या आगीपासून निर्माण झाले, असे मानले जाते. त्यांच्यात चांगलेही असतात आणि वाईटही. त्यामुळे जिन्नांचे अस्तित्व मानणे हा मुस्लिम माणसाच्या श्रद्धेचा भाग आहे. तेवढ्यावरून कुणाला अडाणी किंवा मनोरुग्ण समजणे चूक आहे.

मात्र जिन्न माणसाच्या शरीरात शिरून त्याच्या तोंडून बोलतो का, यावर मुस्लिम विद्वानांतच जुना वाद आहे. इब्न तैमिया यांनी ते शक्य मानले, मुअतझिला पंथाच्या विचारवंतांनी नाकारले. अरबीत वेड्या माणसाला 'मजनून' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'जिन्नाने पछाडलेला' असा आहे. आपल्याकडे प्रेमवेड्या मुलाला 'मजनू' म्हणतात तो शब्द तिथूनच आला.

बुखारी यांच्या हदीससंग्रहात झटके येणाऱ्या एका स्त्रीची हकीकत आहे. ती पैगंबरांकडे दुआ मागायला आली. त्यांनी तिला दोन पर्याय दिले: सबुरी आणि त्याबदल्यात जन्नत, किंवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सबुरी निवडली आणि झटका आल्यावर आपले अंग उघडे पडू नये एवढीच दुआ मागितली. त्या कथनात तिला कुणी मारले नाही, बांधले नाही, तिच्या अंगातून कुणाला 'काढले' नाही. आजारावर उपचार करा, अशी शिकवणही हदीसमध्ये आहे. कुटुंबातल्या ज्येष्ठांशी बोलताना हे दोन दाखले आमच्या वैद्यकीय पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

इब्न सिना (980–1037) हे वैद्य होते आणि तत्त्वज्ञही. खिन्नतेच्या आजाराचे कारण जिन्न आहे असे काही लोक म्हणतात, याची त्यांनी दखल घेतली. जिन्नामुळे होत असो वा नसो, वैद्याला त्याने फरक पडत नाही. शेवटी बिघाड शरीरात होतो आणि उपचार त्या बिघाडावर करायचा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. 'मूळ कारण काय' हा वाद आधी मिटवण्याची गरज नाही. मेंदू आणि शरीर आधी तपासून घ्या.

कोणते आजार 'असर' वाटतात

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आकडीचा, म्हणजे मिरगीचा. पूर्ण अंगाला येणारी फिट बहुतेक लोक ओळखतात. फसवतात त्या मेंदूच्या एका भागापुरत्या येणाऱ्या फिट्स. कानशिलामागच्या मेंदूच्या भागातून त्या सुरू झाल्या, तर आधी पोटातून भीतीचा गोळा वर येतो, जळका किंवा घाण वास येतो, हे सगळे पूर्वी घडून गेले आहे असे वाटते. मग माणूस टक लावून पाहतो, ओठ चाटतो, कपडे चाचपडतो. एक-दोन मिनिटांत सगळे थांबते आणि त्याला काही आठवत नाही. मेंदूच्या पुढच्या भागातल्या फिट्स झोपेत येतात. त्यात ओरडणे, हातपाय झाडणे, उठून बसणे असते. रात्री दोन वाजता हे पाहणाऱ्या आईला जिन्न आठवला, तर तिचा दोष नाही.

बहुतेक फिट्स आपोआप थांबतात. त्या क्षणी कुणी कांदा हुंगवला, कुणी हातात किल्ली दिली, कुणी आयतुल कुर्सी म्हटली. जे शेवटी केले त्याला श्रेय मिळते. पठणाने अपाय होत नाही. पण त्यामुळे फिट थांबली असे समजून गोळ्या टाळल्या, तर पुढची फिट विहिरीच्या काठावर किंवा चुलीसमोर येऊ शकते. योग्य औषधांनी मिरगीचे सुमारे 70 टक्के रुग्ण फिटमुक्त राहू शकतात.

मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली, तर आपल्या देशात मेंदूतील फीतकृमीच्या गाठीचा, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा, विचार करावाच लागतो. 'आम्ही डुकराचे मांस खात नाही, आम्हाला कसा होईल?' असे मुस्लिम आणि शाकाहारी कुटुंबे विचारतात. मेंदूतल्या गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ही अंडी माणसाच्या विष्ठेतून दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबीर-मुळ्यातून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात. सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये गाठ दिसते आणि तिच्यावर उपचार आहेत.

'रात्री जिन्न छातीवर बसतो' ही तक्रार वेगळी. जाग आलेली असते, खोली दिसते, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही आणि कुणीतरी जवळ उभे असल्याचे जाणवते. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत शरीर सैल ठेवणारी यंत्रणा जाग आल्यावरही काही क्षण चालू राहते, म्हणून हे होते. झोपेचे वेळापत्रक बिघडलेल्यांना ते जास्त होते. औष्णिक वीज केंद्रात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांच्या घरी हे अनोळखी नसावे. अनुभव भयंकर असला तरी धोकादायक नाही. नियमित झोप आणि कुशीवर झोपणे एवढ्याने बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो.

आता खानदेशातला उन्हाळा. भर दुपारी बारा वाजता, लिंबाच्या झाडाखाली, केळीच्या बागेजवळ 'झपाटले' अशा गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, झटके आले, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे मिनिटे महत्त्वाची असतात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि 108 ला फोन करा. फवारणीनंतर घाम, लाळ, अंधुक दिसणे आणि बरळणे सुरू झाले, तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजून लगेच रुग्णालय गाठा.

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत बाई झोपेनाशी झाली, संशय घेऊ लागली, 'हे बाळ माझे नाही, बदललेले आहे' म्हणू लागली, तर तो प्रसूतीनंतरचा सायकोसिस असू शकतो. हजार बाळंतिणींत एक-दोघींना तो होतो. घरात याला हमखास 'ओली बाळंतीण, साया पडला' म्हटले जाते. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. बाळाला आईजवळ एकटे ठेवू नका, आणि आईलाही एकटी सोडू नका. उपचारांनी बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

स्किझोफ्रेनियात आवाज ऐकू येतात आणि कुणीतरी आपल्यावर ताबा ठेवतो असे वाटते. तो 'कुणीतरी' रुग्णाच्या ओळखीच्या जगातून येतो: मुस्लिम मुलाला जिन्न, हिंदू मुलाला देवी किंवा मुंजा, तर कुणाला मोबाइलमधला छुपा कॅमेरा. आवाज कुणाचा वाटतो यावरून कारण कळत नाही. काही दिवसांत वागणे बदलले आणि त्यासोबत ताप, झटके, तोंडाच्या विचित्र हालचाली असतील, तर मेंदूज्वराचा किंवा 2007 मध्ये वर्णन झालेल्या एनएमडीए एन्सेफलायटिसचा संशय घ्यावा लागतो. हा दुसरा आजार तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो आणि कधी त्याचे मूळ अंडाशयातल्या गाठीत सापडते. म्हाताऱ्या माणसात एका रात्रीत असा बदल झाला, तर रक्तातली साखर, सोडियम आणि लघवीचा संसर्ग आधी तपासतात. पाण्याला आणि वाऱ्याच्या झुळकीला घाबरणारा रुग्ण असेल, तर गेल्या काही महिन्यांत कुत्रा चावला होता का, हे विचारा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर वाचवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कुत्रा चावल्यावर जखम साबणाने धुऊन लगेच लस घ्यावी लागते.

यांपैकी काहीच नसते तेव्हा

सगळ्या तपासण्या व्यवस्थित येतात आणि तरीही एखादी सून किंवा शाळकरी मुलगी घुमते, पुरुषी आवाजात बोलते, सासरच्यांना शिव्या देते. याला डॉक्टर विघटनाचा म्हणजे डिसोसिएटिव्ह आजार म्हणतात. आयसीडी-11 या जागतिक वर्गीकरणात 'पझेशन ट्रान्स' अशी स्वतंत्र नोंदच आहे. धार्मिक विधीत सर्वांना मान्य असलेल्या रीतीने येणारी अवस्था त्यात आजार धरलेली नाही. त्रास होत असेल, इच्छेविरुद्ध वारंवार होत असेल, तरच तो आजार.

हे नाटक नसते. जे तोंडाने बोलता येत नाही, ते दुसऱ्याच्या नावाने बाहेर पडते. म्हणून 'ढोंग करते' असे म्हणून चापट मारू नका. त्या मुलीशी एकटीशी, शांतपणे कुणी बोलले का, तिला घरात कुणाकडून त्रास आहे का, हे विचारायला हवे. दर्ग्यातल्या हाजरीत काहींना बरे वाटते ते खरे असते. तिथे ओरडता येते, रडता येते आणि घरचे काम सोडून सोबत बसलेले असतात.

मग दर्ग्यात जायचे की नाही

जा, पण औषध बंद करून नको, आणि ज्याला तातडीची गरज आहे त्याला घेऊन नको. तमिळनाडूतील एका मंदिरात मुक्कामाला असलेल्या मनोरुग्णांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही जबरदस्ती नसलेल्या त्या ठिकाणी काही आठवड्यांत त्यांची लक्षणे कमी झालेली आढळली. त्याच राज्यात एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण पळता न आल्याने मेले. फरक मंदिर आणि दर्गा यांचा नव्हता, साखळीचा होता.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारात 2008 पासून 'दवा आणि दुआ' उपक्रम सुरू झाला. मुजावर रुग्णाला दुआ देतात आणि शेजारच्या डॉक्टरकडेही पाठवतात. माझ्या मते खानदेश-विदर्भाला याच नमुन्याची गरज आहे. सैलानीच्या यात्रेला होळीच्या सुमारास जेवढे रुग्ण एकत्र येतात, तेवढे कोणत्याही शिबिराला येणार नाहीत.

मिरचीची धुरी, मारहाण, चटके, उपाशी ठेवणे, बांधून ठेवणे हे मात्र कुठेही, कुणाच्याही सांगण्यावरून होऊ देऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. दुआ, तावीज, यात्रा यांना त्या कायद्याने मनाई नाही. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नेही बंदी आहे. एखादा आमिल 'गोळ्या बंद करा, नाहीतर जिन्न जाणार नाही' म्हणाला, तर तिथून उठून या. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते.

रमजानमध्ये सैतानाला जखडले जाते, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्या महिन्यात फिट आली की घरचे जास्त घाबरतात. कारण सहसा चुकलेली गोळी किंवा सहरीसाठी मोडलेली झोप हे असते. आजाऱ्याला रोजातून सूट आहे. रोजा ठेवायचाच असेल, तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. बऱ्याच औषधांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला जुळवता येतात. लिथियम घेणाऱ्यांनी उन्हाळ्यातला रोजा डॉक्टरांना न विचारता ठेवू नये, कारण शरीरातले पाणी कमी झाल्यावर त्याचे रक्तातले प्रमाण विषारी पातळीवर जाऊ शकते.

दवाखान्यात जाताना

झटका किंवा 'हाजरी' येते तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ काढा. डोळे उघडे होते की मिटलेले, जीभ चावली का, कपड्यांत लघवी झाली का, किती मिनिटे चालले, हे त्यावरून कळते आणि निदान निम्मे तिथेच होते. झटका चालू असताना कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांहून जास्त चालला, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर 108. हकीम किंवा बाबांकडून आणलेली पुडी असेल, तर तीही सोबत न्या. अशा काही पुड्यांत फिटचे फिनोबार्बिटोन हे औषध मिसळलेले आढळले आहे आणि ते अचानक थांबले तर फिट्स वाढतात.

कुठे दाखवायचे हे कळत नसेल, तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तावीज काढून ठेवायची गरज नाही. फक्त एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, तेवढ्यापुरता तो सोबत आलेल्या नातेवाइकाकडे द्या.