फड आणि चरित्रनायक : शाहिरी चरित्रपटांतील कर्तेपणाचा प्रश्न

लोकगायकाचे चरित्र पडद्यावर मांडताना चित्रपटाला एका प्रश्नाचे उत्तर आधीच गृहीत धरावे लागते : ज्या कलेमुळे हा माणूस स्मरणात राहिला, तिचा कर्ता कोण? लेखकाच्या किंवा चित्रकाराच्या चरित्रात हा प्रश्न फारसा अडत नाही. तमाशाच्या फडात मात्र तो पदोपदी अडतो. कवन रचणारा एक, ते गाणारा दुसरा, ढोलकीवर ते पेलणारा तिसरा आणि अदाकारीतून त्याचा अर्थ प्रेक्षकांपर्यंत नेणारी नर्तकी चौथी, अशी ही विभागणी असते. मराठी शाहिरी चरित्रपटांनी यांतून एकाचीच निवड कशी केली आणि त्या निवडीने लोककलेविषयीची आपली समज कशी घडवली, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

या निवडीचा इतिहास चित्रपटापेक्षा जुना आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचा प्रसंग बारामतीत घडतो. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी राहिलेल्या मोरोपंतांची (१७२९–१७९४) आणि सोलापूरच्या राम जोशींची गाठ पडल्याची कथा सर्वश्रुत आहे. जोशीपण आणि पुराणिकी यांची परंपरा असलेल्या घरातला हा तरुण धोंडी शाहिराच्या तमाशात रमला, थोरले बंधू मुद्गल जोशी यांनी त्याला घराबाहेर काढले, पंढरपुरास त्याने शास्त्राध्ययन केले आणि परतल्यावर कीर्तनातून मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत नेल्या. त्या काळच्या पंडितकवींत अग्रगण्य असलेल्या पंतांनी या शाहिराला ‘कविप्रवर’ म्हटले, असे परंपरा सांगते. ही आख्यायिका अक्षरशः खरी की नाही, यापेक्षा तिची रचना अधिक बोलकी आहे. बहिष्कार, अध्ययन आणि मान्यता असे तिचे तीन टप्पे आहेत. शाहिराचे मोठेपण फडात सिद्ध होत नाही. ते फडाबाहेरच्या विद्वानाच्या मुखातून यावे लागते. राम जोशींच्या फडातील बया आणि चिमा यांची नावे परंपरेने राखली, पण चरित्र राखले नाही.

१९४७ साली राजकमल कलामंदिराने पडद्यावर आणलेल्या ‘लोकशाहीर राम जोशी’ला ही कथा जवळजवळ तयार मिळाली. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे, लेखन आणि गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे. जयराम शिलेदार राम जोशी झाले आणि हंसा वाडकर बया. तमाशाप्रधान मराठी चित्रपटांची पुढची लाट या चित्रपटाच्या यशातून उभी राहिली, हे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदवले आहे. मात्र हे यश कोणत्या काळात मिळाले, हेही पाहिले पाहिजे. याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली होती, आणि पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. म्हणजे प्रत्यक्ष फडाकडून शुचितेची हमी मागितली जात असतानाच पडद्यावरचा फड शहरी प्रेक्षक आनंदाने पाहत होता. या विसंगतीचा उलगडा चरित्रपटाच्या रूपातच सापडतो. कथेच्या मध्यभागी संस्कृतज्ञ ब्राह्मण नायक असल्यामुळे प्रेक्षकाला तमाशाकडे त्याच्या नजरेने पाहता येते. फड हे त्याच्या स्खलनाचे आणि त्याच्या प्रतिभेचे स्थळ ठरते. फडातील इतरांच्या जगण्याचे आणि पोटापाण्याचे स्थळ म्हणून तो क्वचितच समोर येतो.

१९५१ चा ‘अमर भूपाळी’ हे या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचे उदाहरण आहे. ‘होनाजी बाळा’ हे मुळात एका व्यक्तीचे नाव नव्हे. रचना होनाजी शिलारखाने यांची आणि गळा बाळा करंजकर यांचा. कवनाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा या दोघांची मिळून आहे. कवी आणि गायक यांनी एकत्र सही केलेली ही कला कर्तेपणाचा निराळाच सिद्धांत सांगते. चरित्रपटाला मात्र एक नायक लागतो, आणि तो होनाजींच्या रूपाने, पंडितराव नगरकरांच्या भूमिकेतून, उभा राहिला. नावाची निवडही तितकीच सूचक आहे. होनाजींची ख्याती प्रामुख्याने शृंगारिक लावण्यांसाठी. तथापि चित्रपटाने ‘अमर’ ठरवली ती भूपाळी. रात्रीच्या बैठकीतील गाणे मागे सरले आणि पहाटेचे भक्तिगीत पुढे आले. मोरोपंतांच्या जागी आता देवघर मान्यता देते, इतकाच काय तो फरक. १९५२ च्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट पोहोचला, ही मान्यतेची आणखी वरची पायरी.

येथे पार्श्वगायनाचाही विचार केला पाहिजे. ‘अमर भूपाळी’त संध्या यांच्या देहाला लता मंगेशकरांचा स्वर लाभला. त्या स्वराचे सौंदर्य वादातीत आहे. परंतु फडावर गाणारी आणि अदा करणारी स्त्री एकच असते. शब्दावर थबकणारा आवाज आणि त्याच क्षणी वळणारी मान यांच्या एकत्वातच लावणीचा अर्थ असतो. चित्रपटाच्या तंत्राने हे एकत्व दुभंगले. पुरुष कवीचे कर्तेपण अखंड राहिले आणि स्त्री कलावंताचे मात्र दोन ठिकाणी वाटले गेले.

या चित्रपटांचा ग्रामीण प्रेक्षक हे सारे निमूटपणे स्वीकारत होता, असे मानण्याचे कारण नाही. बारामतीपासून थोड्या अंतरावरील माळेगाव बुद्रुकसारख्या गावांचा विचार करावा. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पट्ट्याचे शेतीजीवन बदलले आणि १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखान्याने त्याला नवी अर्थव्यवस्था दिली. ऊसपट्ट्यातील यात्राजत्रांत तमाशाची कनात आणि फिरत्या चित्रपटाचा तंबू यांनी एकाच प्रेक्षकाला साद घातली. त्या प्रेक्षकाला फडाचे नाव वाचता येत होते, आणि ते नाव चित्रपटाच्या शीर्षकासारखे नसते. ‘भाऊ-बापू’, ‘काळू-बाळू’ ही जोडनावे, किंवा ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ हे पिता, जात आणि गाव यांसह उच्चारले जाणारे नाव पाहा. त्यात वारसा आहे, भागीदारी आहे आणि सामाजिक स्थानाची उघड नोंद आहे. होनाजी आणि बाळा यांची संयुक्त नाममुद्रा याच परंपरेत बसते. चरित्रपटाने जे पुसले, ते कनातीच्या दारावर ठळक अक्षरांत उभे होते.

अमेरिकेतील ‘कंट्री’ गायकांवरील चरित्रपट तुलनेसाठी उपयोगी पडतात. गरिबी, भटकंती, व्यसन आणि उद्धार हा त्यांचाही ठरलेला क्रम आहे. जॉनी कॅश यांच्यावरील ‘वॉक द लाइन’ (२००५) त्याच वाटेने जातो. परंतु ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९८०) या चित्रपटामागे लोरेटा लिन या गायिकेचे स्वतःचे आत्मचरित्र होते, आणि त्यातील गाणी भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेक यांनी स्वतः गायिली. गाणारी स्त्री येथे आपल्या कथेची कर्ती आहे. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारा दुवा हंसा वाडकर यांचा. बया साकारणाऱ्या या अभिनेत्रीचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन १९७० मध्ये ग्रंथरूपाने आले. १९५९ मधील त्यांच्याच गाजलेल्या तमाशापटाचे नाव त्याला दिलेले आहे. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) त्यावर आधारलेला आहे. बयेची भूमिका करणारीला अखेर वाचा मिळाली. पण ती चित्रपटातील नटीच्या जीवनाला मिळाली. फडावरच्या बयेचा प्रश्न तसाच राहिला.

२०२३ मधील ‘महाराष्ट्र शाहीर’ या चित्रपटात ही रचना कितपत बदलली? कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांचे चरित्र त्यांचे नातू केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केले. नायकाची पत्नी भानुमती येथे कवयित्री म्हणून येते. शाहिराच्या गाण्यांमागे दुसरी लेखणी होती, ही कबुली महत्त्वाची आहे. तथापि मान्यतेचा टप्पा कायमच आहे, फक्त मान्यता देणारा बदलला. साबळे यांच्या आवाजात घराघरांत पोहोचलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला त्याच वर्षी राज्यगीताचा दर्जा मिळाला. पंडितकवी आणि देवघर यांच्यानंतर आता राज्य ही मान्यता देते. आणि त्या गीतातही कवी राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे आणि गायक साबळे असे तिघे आहेत. ‘शाहीर’ हे बिरुद मात्र एकाच्याच वाट्याला येते.

येथे आक्षेप घेतला जाईल की चरित्रपट हा प्रकारच व्यक्तिकेंद्री आहे; त्याच्याकडून समूहाच्या इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु हे चित्रपट केवळ व्यक्तीची कथा सांगून थांबले नाहीत. पेशवाईतील लावणी म्हणजे काय, याची कित्येक पिढ्यांची कल्पना त्यांनी घडवली, आणि अभ्यासकही तिच्यापासून पूर्णपणे अलिप्त राहिले असे म्हणवत नाही. लावणीच्या समीक्षेत आपण आजही प्रथम कवीचे नाव, मग त्याची भाषा, मग त्याचे संस्कृत ज्ञान तपासतो. रचनेला चाल कोणी दिली, ती कोणत्या अदाकारीतून अर्थपूर्ण झाली, हे प्रश्न पुरवणीत जातात.

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्याविषयीची एक हकिकत लोकांच्या ओठी आहे. खेळ चालू असताना त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा फडावर उभ्या राहिल्या. ही हकिकत बहुधा धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते. तिच्यात श्रमाची, उचलीची आणि थांबलेल्या खेळावर अवलंबून असलेल्या माणसांची कथाही आहे. बहिष्कार, अध्ययन, मान्यता या त्रिसूत्रीत हे जीवन बसत नाही. घराबाहेर काढले जाण्यासाठी आधी प्रतिष्ठेचे घर असावे लागते, आणि फडातच जन्मलेल्या कलावंताला परतण्यासाठी दुसरा समाज नसतो. अशा जीवनाचे चरित्र मांडायचे तर चरित्राचे रूपच बदलावे लागेल. एका नायकाच्या जागी फडाला कर्तेपण द्यावे लागेल. तोपर्यंत या चित्रपटांचे वाचन करताना श्रेयनामावलीत नसलेल्या नावांची विचारणा करीत राहणे, हे समीक्षेचे काम आहे.