उरलेली कातडी

१८९९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी एका बाईच्या पोटावरील लोंबती चरबी कापून काढली. ती साडेसात किलोच्या आसपास भरली. तेव्हा प्रश्न भाराचा होता. १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी लठ्ठपणासाठी जठरावर शस्त्रक्रिया आरंभली, तसा तो पालटला. वजन उतरले, कातडी मागे उरली. ती कापावी केव्हा? शल्यविशारद म्हणतात, वर्ष-दीड वर्ष थांबा, वजन स्थिरावू द्या. नाहीतर कातडी पुन्हा सैलावते, आणि प्रथिने कमी पडल्यास जखम भरत नाही. आम्हांस हे पटते. मात्र घड्यांत घाम साचून कातडी चिघळते, त्याला तिकडचे विमेवाले पुष्कळदा सौंदर्याची हौस म्हणतात. (हौसेने कोण पोट चिरून घेतो?) वर मलमपट्टीचे महिनोन्‌महिन्यांचे दाखले मागतात.