ला प्रँसेस द क्लेव्ह

ला प्रँसेस द क्लेव्ह : सतराव्या शतकातील फ्रेंच ऐतिहासिक प्रेमकादंबरी. लेखिका मादाम द ला फायेत (१६३४–९३). पॅरिसचा प्रकाशक क्लोद बार्बँ याने मार्च १६७८ मध्ये ती चार छोट्या भागांत प्रसिद्ध केली. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते आणि लेखिकेच्या हयातीत ते कधी छापलेही गेले नाही. फ्रेंच साहित्यातील मनोविश्लेषणात्मक कादंबरीची सुरुवात सामान्यतः या कृतीपासून मानली जाते. दरबारी राजकारण आणि प्रेम यांची इतकी घट्ट वीण त्यापूर्वीच्या युरोपीय कादंबरीत क्वचितच आढळते.

मारी-मादलेन प्योश द ला व्हेर्ञ हे लेखिकेचे माहेरचे नाव. १६५५ मध्ये काउंट द ला फायेत याच्याशी तिचा विवाह झाला. पती बहुतेक काळ ओव्हेर्ञमधील आपल्या जमीनजुमल्यावर राहिला आणि ती पॅरिसमध्ये. मादाम द सेव्हीञे ही पत्रलेखिका तिची जिवलग मैत्रीण, तर सूत्रकार ला रोशफूको तिचा निकटचा स्नेही होता. चौदाव्या लुईच्या भावाची पत्नी हेन्रिएटा हिच्या सहवासात दरबार तिने फार जवळून पाहिला होता. ला प्रँसेस द मोंपाँस्ये (१६६२) ही तिची कथाही निनावीच निघाली आणि झाइद ही कादंबरी सग्रे या मित्राच्या नावावर आली. थोर घराण्यातल्या स्त्रीने कादंबरीकार म्हणून मिरवणे त्या समाजात शिष्टसंमत नव्हते. एप्रिल १६७८ मधल्या एका पत्रात तिने या पुस्तकाचे कर्तृत्व साफ नाकारले आणि त्याच पत्रात त्याची वाखाणणीही केली. ही कादंबरी नव्हे, दरबाराच्या आठवणी आहेत, असे ती म्हणते. हे वर्णन मनापासूनचे असावे, कारण पुस्तकाची सारी बांधणी त्याला दुजोरा देते.

कथानक घडते १५५८-५९ मध्ये, म्हणजे लेखनाच्या सुमारे १२० वर्षे आधी, व्हाल्वा घराण्यातील दुसरा हेन्री याच्या दरबारात. राजा, राणी कातरीन द मेदिसी, राजापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठी असलेली त्याची प्रेयसी द्यान द प्वात्ये, युवराजाची पत्नी मेरी स्ट्यूअर्ट, सरसेनापती मोंमोरांसी, गीझ बंधू ही सगळी इतिहासातील माणसे आहेत. लेखिकेने ब्राँतोमसारख्यांची स्मरणे आणि इतिहासग्रंथ बारकाईने अभ्यासले होते. काल्पनिक आहे ती नायिका. तिचा पती क्लेव्ह नावापुरता इतिहासात आहे. तो १५६४ मध्ये तरुणपणीच वारला. सभोवतालचे सर्व खरे ठेवून मधोमध एक कल्पित स्त्री उभी करायची, ही लेखिकेची युक्ती. त्यामुळे तिच्या मनातली उलथापालथही घडून गेलेल्या गोष्टीसारखी वाटते.

सोळा वर्षांची मादम्वाझेल द शार्त्र आईबरोबर दरबारात येते. एका इटालियन जवाहिऱ्याच्या घरी क्लेव्ह तिला पाहतो आणि ती कोण हे कळण्याआधीच तिच्यावर लुब्ध होतो. मुलगी रूपवान, श्रीमंत, खानदानी; तरीही तिचे लग्न जमत नाही. तिचा नातलग विदाम द शार्त्र हा राणीच्या गोटातला, म्हणून द्यानचा त्याच्यावर राग. त्या रागापायी एक स्थळ मोडते, दुसरे खुद्द राजाच्या शब्दाने मोडते आणि मग कोणी पुढे यायला धजत नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या विरोधातून मोकळा झालेला क्लेव्हच अखेर तिचा हात मागतो. तिला त्याच्याविषयी आदर आहे, प्रेम नाही, आणि हे त्याला लग्नाआधीच ठाऊक असते. दरबारात कोणाचे कोणावर प्रेम आहे हा गटाचा, पदाचा आणि मर्जीचा प्रश्न असतो, हे लेखिका पहिल्याच भागात निखळ घटनांतून दाखवते.

लग्नानंतर लूव्र राजवाड्यातील नृत्यसमारंभात ती द्यूक द नमूरला प्रथम भेटते. राजा दोघांना एकत्र नाचायची आज्ञा करतो आणि नाच झाल्यावर राजा व राण्या विचारतात की, तुम्हाला एकमेकांची ओळख पटली का? नमूर हा दरबारातला सर्वांत देखणा पुरुष. त्याच सुमारास इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीशी त्याच्या विवाहाची बोलणी चालू असतात, पण नायिकेसाठी तो एका राज्याची आशाही सोडून देतो. इथून पुढे दोघांमध्ये उघड बोलणे जवळजवळ होत नाही. तिचे लहानसे चित्र तो तिच्या डोळ्यांदेखत चोरतो. तिला ते दिसते, ते दिसल्याचे त्यालाही कळते आणि ती गप्प राहते. घोड्यावरून तो जखमी होतो तेव्हा तिचा चेहरा सगळे सांगून जातो. पिवळा रंग आवडतो, पण आपल्या सोनेरी केसांमुळे तो वापरता येत नाही, असे ती एकदा त्याच्यासमोर बोललेली असते; पुढे राजाच्या शस्त्रक्रीडेत तो पिवळा-काळा वेश घालून उतरतो आणि त्याचा अर्थ फक्त तिलाच उमगतो. जिथे शंभर डोळे सतत लागलेले असतात तिथे प्रेमाला अशा खुणांशिवाय भाषा उरत नाही. अशा जागांवर लेखिकेची शैली विलक्षण संयमी होते. विशेषणे मोजकी, वाक्ये स्वच्छ, निसर्गवर्णन जवळजवळ नाहीच.

हरवलेल्या पत्राचे प्रकरण हा कादंबरीतील कारस्थानाचा उत्तम नमुना आहे. विदामच्या खिशातून चेंडूखेळाच्या जागी एका स्त्रीचे पत्र पडते, ते नमूरचे समजून दरबारभर फिरते आणि नायिकेच्या हाती येते. पहिल्यांदाच तिला मत्सराची धग कळते. पत्र विदामचे आहे असे राणी कातरीनला समजले तर त्याचा सर्वनाश ठरलेला, कारण आपण तिचे एकनिष्ठ विश्वासू आहोत असा शब्द त्याने दिलेला असतो. म्हणून नमूर आणि नायिका, पतीच्या संमतीने, एकत्र बसून त्या पत्राची खोटी प्रत तयार करतात. मूळ पत्र त्यांच्याजवळ नसल्याने ते आठवणीवरून लिहावे लागते, आणि शेजारी बसण्याच्या आनंदात दोघांनाही घाई राहत नाही. प्रत उशिरा व वाईट तयार होते, राणी फसत नाही आणि विदामचा घात होतो. प्रेमातली एक सुखाची दुपार एका माणसाचे भवितव्य बुडवते, याची लेखिका फक्त नोंद करते.

सर्वांत गाजला तो कबुलीचा प्रसंग. नमूरपासून दूर राहण्यासाठी कूलोम्ये येथील वाड्यात राहू द्यावे, अशी विनवणी करताना नायिका पतीला सांगून टाकते की, तिचे मन दुसऱ्या पुरुषाकडे ओढले जाते; नाव मात्र ती सांगत नाही. उद्यानातल्या मंडपाआड लपलेला नमूर हे सगळे ऐकतो. आनंद मनात न मावून तो नावे गाळून ही हकिगत विदामला सांगतो, तिथून ती तोंडोतोंडी मेरी स्ट्यूअर्टपर्यंत जाते आणि मेरी ती एक नवलाची गोष्ट म्हणून खुद्द नायिकेलाच ऐकवते. पतिपत्नी दोघांनाही वाटते की, दुसऱ्यानेच विश्वासघात केला. वस्तुतः दोघेही निर्दोष असतात. ज्या दरबारात प्रत्येक जण काही ना काही लपवून जगतो, तिथे एकुलते एक निखळ सत्य अफवा होऊन परत येते आणि घर मोडते. अफवेचा प्रवास इतक्या अचूकपणे मांडणारे प्रकरण कादंबरीच्या इतिहासात शोधूनही फारसे सापडणार नाही.

१५५९ च्या जूनअखेरीस शस्त्रक्रीडेत मोंगोमेरी या सरदाराच्या भाल्याने दुसरा हेन्री जखमी होतो आणि १० जुलैला मरण पावतो. काही दिवसांत दरबार उलटा होतो. द्यानला जावे लागते, मोंमोरांसीचे वजन संपते, मेरीचे मामा असलेले गीझ बंधू सत्ता हाती घेतात. नायिका या धामधुमीत कूलोम्येला निघून जाते. क्लेव्हने मागावर ठेवलेला माणूस सांगतो की, नमूर दोन रात्री तिच्या बागेत शिरला होता. ती त्याला भेटलेली नसते, पण तेवढ्या बातमीने क्लेव्ह अंथरूण धरतो आणि मरतो.

आता ती विधवा आहे, नमूरशी विवाहाला कोणतीच आडकाठी नाही आणि ती नकार देते. चर्चा सतत कबुलीची झाली. कादंबरीचे खरे शिखर मात्र हा नकार आहे. पतीच्या मृत्यूला नमूर कारण झाला हे ती विसरू शकत नाही. त्याहून सडेतोड आहे तिचे दुसरे कारण. नमूरचे प्रेम अडथळ्यांमुळे टिकले. लग्नानंतर ते ओसरेल आणि मत्सराचे दुःख तिच्या वाट्याला येईल, हे ती त्याच्या तोंडावर सांगते. त्याच संभाषणात आपले प्रेमही ती प्रथमच उघड कबूल करते. पुढे ती पिरनीज पर्वताकडील आपल्या जमिनीवर जाते, मोठ्या आजारातून उठते आणि थोडे उरलेले आयुष्य काही महिने मठात, काही महिने घरी अशा विरक्तीत घालवते. हा शेवट धर्माचा उपदेश म्हणून वाचणे अपुरे आहे. दरबार पुरता ओळखलेल्या एका तरुण स्त्रीने स्वतःच्या बुद्धीने घेतलेला तो निर्णय आहे.

पुस्तक निघताच वाद पेटला. मेर्क्यूर गालाँ या नियतकालिकाने वाचकांना विचारले की, पत्नीने पतीला असे सांगावे काय? बहुतेकांनी नाही म्हटले. व्हालँकूर या टीकाकाराने १६७८ मध्येच पत्रांच्या रूपात सविस्तर टीका छापली आणि पुढच्याच वर्षी शार्न या लेखकाने तिला उत्तर दिले. लेखक फाँतनेल याने मात्र पुस्तक पुन्हा पुन्हा वाचल्याचे सांगून कबुलीची बाजू घेतली. इंग्रजी भाषांतर १६७९ मध्ये झाले. विसाव्या शतकात रादीगेच्या ल बाल द्यू काँत दॉर्जेल (१९२४) या कादंबरीवर तिचा ठसा स्पष्ट दिसतो. झाँ दलान्वाचा चित्रपट (१९६१, पटकथा झाँ कॉक्तो) मूळ काळाशी प्रामाणिक आहे. मानुएल द ओलिव्हेइरा (१९९९) आणि क्रिस्तॉफ ऑनोरे (२००८) यांनी कथा आजच्या काळात आणली.

पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झालेले निकोला सार्कोझी यांनी २००६ मध्ये, सरकारी नोकरीच्या परीक्षेत या कादंबरीवर प्रश्न असण्याची जाहीर खिल्ली उडवली. ते अध्यक्ष असताना, २००९ च्या फेब्रुवारीत, पॅरिसमध्ये पाँतेओंसमोर अध्यापक, विद्यार्थी व कलावंतांनी आळीपाळीने तिचे जाहीर वाचन केले आणि पुस्तकाचा खपही वाढला. २०११ मध्ये रेजिस सोदेर यांनी मार्सेच्या कष्टकरी वस्तीतल्या, ही कादंबरी अभ्यासणाऱ्या शाळकरी मुलामुलींवर माहितीपट केला. त्यात ती मुले आईवडिलांचा धाक, चोरटे प्रेम आणि लपवाछपवी यांविषयी बोलताना नायिकेचीच वाक्ये आपली म्हणून म्हणतात.