ख्रिस्ती धर्मातील लोभ आणि संतोष

ख्रिस्ती धर्मविचारात लोभ म्हणजे धनाची किंवा वस्तूंची अमर्याद आसक्ती, तर संतोष म्हणजे ईश्वरावरील विश्वासामुळे प्राप्त परिस्थितीत लाभणारी मनाची स्वस्थता होय. लोभाची गणना सात प्रमुख पापांत केली जाते. या विचारात संपत्ती किती आहे यापेक्षा तिच्यावर किती भिस्त ठेवली आहे याला अधिक महत्त्व आहे. त्यामुळे निर्धन मनुष्यही लोभी असू शकतो, असे अनेक ख्रिस्ती लेखकांनी म्हटले आहे.

संज्ञा

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत लोभासाठी मुख्यतः दोन शब्द येतात. 'प्लेओनेक्सिया' म्हणजे अधिकाधिक मिळवण्याची हाव, आणि 'फिलार्गिरिया' म्हणजे शब्दशः चांदीचे प्रेम. संतोषासाठी 'औतार्केइया' हा शब्द आढळतो. स्टोइक तत्त्वज्ञांच्या लेखी त्याचा अर्थ स्वयंपूर्णता असा होता. पौलाने याच शब्दकुळातील विशेषण स्वतःविषयी वापरले. मात्र आपल्या स्वस्थतेचा आधार त्याने स्वतःच्या सामर्थ्याऐवजी ख्रिस्तात शोधला.

बायबलमधील विवेचन

दहा आज्ञांपैकी शेवटची आज्ञा शेजाऱ्याच्या मालमत्तेची अभिलाषा वर्ज्य ठरवते. चोरीचा निषेध वेगळ्या आज्ञेत असल्यामुळे येथे कृतीपूर्वीच्या इच्छेचाच विचार आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात वारशाच्या वाटणीवरून वाद घेऊन आलेल्या मनुष्याच्या निमित्ताने येशू मूर्ख धनवानाचा दाखला सांगतो. हा धनवान भरघोस पीक आल्यावर कोठारे वाढवण्याचा बेत करतो आणि त्याच रात्री मरण पावतो. 19 व्या अध्यायातील जकातदार जक्कय मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवतो. येथे लोभमुक्तीला दानाबरोबरच अन्यायाच्या भरपाईचीही जोड आहे.

फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र पौलाने कैदेत असताना लिहिले. विपुलता आणि टंचाई या दोन्ही स्थितींत तृप्त राहण्यास आपण शिकलो आहोत, असे तो त्यात सांगतो. संतोष हा उपजत स्वभाव नसून तो शिकावा लागतो, या मताला हे वचन आधारभूत ठरले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पैशाला नव्हे, तर पैशाच्या लोभाला अनर्थाचे मूळ मानले आहे.

प्राचीन आणि मध्ययुगीन विचार

इजिप्तच्या वाळवंटातील मठवासी लेखक इव्हाग्रिअस (सु. 345–399) यांनी लोभाचे मूळ भीतीत दाखवले. लांबलेले वार्धक्य, कष्ट करण्यास असमर्थ झालेले हात, दुष्काळ, आजार आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज यांची चित्रे हा विकार मनापुढे उभी करतो, असे त्यांचे निरीक्षण होते. जॉन कॅसियन यांच्या मते लोभ हा बाहेरून येणारा विकार आहे. आरंभी तो सहज टाळता येतो, पण एकदा मुरला की निघणे कठीण होते. कैसरियाचे बिशप बेसिल (सु. 330–379) यांनी मूर्ख धनवानाच्या दाखल्यावरील प्रवचनात गरजेहून अधिक साठवलेले अन्न भुकेल्यांच्या हक्काचे ठरवले.

थॉमस अ‍ॅक्वायनस (सु. 1225–1274) यांनी लोभाला शेजाऱ्याविरुद्धचे पापही मानले, कारण भौतिक संपत्ती एकाकडे वाजवीपेक्षा जास्त साठली की दुसऱ्याकडे तिची उणीव पडते. असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या संघाच्या 1223 च्या नियमावलीने बंधूंना पैसा स्वीकारण्याची मनाई केली.

प्रॉटेस्टंट परंपरा

इंग्लंडमधील प्युरिटन धर्मोपदेशक जेरेमाया बरोज यांचा संतोषावरील ग्रंथ 1648 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. संपत्तीत भर घालण्यापेक्षा इच्छा कमी केल्याने संतोष साधतो, हे त्याचे एक प्रमुख प्रतिपादन आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली (1703–1791) यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डमधील एका तरुणाचे उदाहरण दिले आहे. त्याचे वार्षिक उत्पन्न 30 पौंड होते. 28 पौंडांत निर्वाह करून तो उरलेले 2 पौंड दान करी. पुढे उत्पन्न 60, 90 आणि 120 पौंड झाले, तरी त्याचा खर्च 28 पौंडच राहिला. हा तरुण म्हणजे स्वतः वेस्ली, असे सामान्यतः मानले जाते.

महाराष्ट्रातील उदाहरण

कवी नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. 1917 मध्ये मिशनची वेतनाची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यांच्या अपरिग्रहाला भारतीय संन्यासपरंपरेचे वळण होते. त्यांच्या सढळ हाताची आणि त्यामुळे संसारात होणाऱ्या ओढाताणीची वर्णने लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आढळतात.

मतभेद

संतोषाच्या उपदेशाचा उपयोग गरिबांना गप्प बसवण्यासाठी होतो, असा आक्षेप घेतला जातो. पेरूचे धर्मशास्त्रज्ञ गुस्तावो गुटिएरेझ यांनी 1971 मधील मुक्तिधर्मशास्त्रावरील ग्रंथात भौतिक दारिद्र्य आणि आध्यात्मिक दारिद्र्य यांत भेद केला. त्यांच्या मते पहिले अनिष्ट असून त्याचा प्रतिकार करणे आवश्यक आहे, तर दुसरे म्हणजे ईश्वरापुढील मोकळेपणा होय. याच्या उलट, समृद्धीवादी पंथ ऐहिक संपन्नतेला श्रद्धेचे फळ मानतात. ही शिकवण लोभालाच धार्मिक रूप देते, अशी टीका अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी केली आहे.